पटावरील लहान सोंगटी

बुद्धिबळाचा डाव मांडून बसलेल्या मनुष्यास आपल्या हातांतील मोहऱ्यांच्या नांवांचा विचार करण्यास फुरसत नसते. परंतु त्या नांवांतहि इतिहास असतो. आमच्या पटावर राजा-वजिरांच्या शेजारीं जो उंट उभा राहतो, त्याच्या जागीं इंग्रजांच्या पटावर बिशप म्हणजे ख्रिस्ती धर्माधिकारी उभा असतो. मूळच्या चतुरंगांत या मोहऱ्याच्या ठायीं हत्ती होता. तो इराणी व अरब लोकांच्या हातून यूरोपांत गेला, आणि तेथील लोकांस त्या मोहऱ्याच्या माथ्यावरील सुळ्यांच्या खुणेंत धर्माधिकाऱ्याची दुभंगलेली टोपी दिसली असावी. कारण कांहींहि असो; धर्मास मोहरा करून पटावर उभें करण्याची कल्पना तिकडची आहे. आमच्या चतुरंगांत सेनेचीं चार अंगें होतीं. धर्म त्यांत प्याद्याच्या रूपानेंहि नव्हता.

याच्या उलट आमच्याकडे दुसरा एक पट होता, त्याचें नांव मोक्षपट. परंपरा त्याचें कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. त्या पटाच्या घराघरांवर गुण व दुर्गुण लिहिलेले असत. गुणाच्या घरीं शिडी आणि दुर्गुणाच्या घरीं सापाचें तोंड. कवड्या टाकावयाच्या, आणि पडेल त्या दानानें चढावयाचें किंवा उतरावयाचें. या खेळांत धर्म हा मोहरा नसून पटच आहे, व सोंगटी म्हणजे स्वतः खेळणारा मनुष्य. हा पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत गेला, आणि कालांतरानें त्यावरील गुणावगुणांचीं नांवें गळून जाऊन केवळ साप व शिड्या उरल्या. आजचीं आमचीं मुलें खेळतात तो हाच उरलेला पट होय.

हल्लीं त्याच मुलांच्या हातीं तिसऱ्या प्रकारचा पट आला आहे. तो संगणकाच्या पडद्यावर मांडला जातो. त्यांत राज्यें वसवावयाचीं, धान्य, लांकूड व सोनें गोळा करावयाचें, सैन्य उभारावयाचें आणि शेजाऱ्याचा मुलूख घ्यावयाचा. हे खेळ काल्पनिक राज्यांचे नसून इतिहासांतील राज्यांचे म्हणून पुढें येतात. त्यांतील राजे, किल्ले, शस्त्रें व शहरें यांचीं नांवें खरीं असतात. आमच्या वर्गांत येणाऱ्या पुष्कळ विद्यार्थ्यांस विजयनगर व मंगोल हे शब्द प्रथम पाठ्यपुस्तकांत भेटलेले नसून या खेळांत भेटलेले असतात, असा आमचा अनुभव आहे. तेव्हां इतिहास शिकविणाऱ्यानें या पटांकडे पोरखेळ म्हणून पाठ फिरविणें योग्य नाहीं. ते काय शिकवितात हें पाहिलें पाहिजे; आणि विशेषतः आपल्या धर्मसंप्रदायांस ते कोणती जागा देतात हें पाहिलें पाहिजे.

उदाहरणादाखल एकच खेळ घेऊं. ‘एज ऑफ एम्पायर्स’ या अमेरिकन मालिकेचा तिसरा भाग २००५ सालीं निघाला. अमेरिका खंडांतील वसाहतींचा काळ हा त्याचा विषय. खेळणारा यूरोपांतील एखादें राष्ट्र घेऊन त्या भूमीवर उतरतो, आणि तेथील मूळ रहिवाशांचीं खेडीं पटावर जागोजाग विखुरलेलीं असतात. २००७ सालीं त्यास ‘दि एशियन डायनॅस्टीज’ या नांवाची पुरवणी जोडण्यांत आली. तींत हिंदुस्थान, चीन व जपान हे तीन मोठे पक्ष आले. पण अमेरिकेंतील जमातींच्या खेड्यांसाठीं पटावर जी जागा राखलेली होती तिचें काय करावयाचें? खेळ रचणारांनीं तेथें धर्मसंप्रदाय बसविले. ते सहा आहेत: भक्ति, सूफी, उदासी, शाओलिन, झेन आणि जेझुइट. २०२० सालीं या खेळाची सुधारलेली आवृत्ति निघाली, व आजहि तो खेळला जातो.

या संप्रदायांचा पटावरील व्यवहार असा. प्रत्येकाचें एक देवालय किंवा मठ ठराविक जागीं असतो. खेळणारानें त्याच्या अंगणांत आपलें व्यापारी ठाणें उभारलें कीं तो संप्रदाय त्याचा मित्र झाला. मग त्या संप्रदायाचे मोजके शिपाई भाड्यानें घेतां येतात, व कांहीं विद्या मोल देऊन शिकतां येतात. संप्रदाय आपण होऊन कोणाकडे जात नाहीं, कोणास नाहीं म्हणत नाहीं, वाढत नाहीं व हलत नाहीं. जो प्रथम ठाणें बांधील त्याचा तो. तें ठाणें शत्रूनें पाडून आपलें बांधलें कीं त्या क्षणापासून तो शत्रूचा. त्यास शस्त्र आहे, विद्या आहे, सुंदर देवालयहि आहे. नाहीं ती इच्छा.

आतां या संप्रदायांच्या हातीं कोणतीं शस्त्रें दिलीं आहेत तें पाहावें. भक्तीचा शिपाई हातांत वाघनखें घालून लढतो. उदासी चक्र फेंकतो. सूफींकडे लढाऊ हत्ती आहेत. शाओलिनच्या मठांत वेताच्या ढालींचे पाईक मिळतात, आणि झेन मठांत सोहेइ नांवाचे भिक्षुसैनिक. इतिहास जाणणारा वाचक येथें थबकेल. चक्र हें शीख पंथांतील अकाली निहंगांचें शस्त्र होय. उदासी हे गुरु नानकांचे पुत्र श्रीचंद यांस आद्य मानणारे विरक्त साधु, आणि त्यांची वाट खालसा सैन्याहून वेगळी. सोहेइ म्हणून जे योद्धे प्रसिद्ध आहेत ते मुख्यतः हिएइ पर्वतावरील तेंदाइ पंथाचे व नारा येथील जुन्या मठांचे. त्यांचा झेनशीं विशेष संबंध नाहीं. वेताची ढाल चिनी फौजांची. शाओलिनचे भिक्षु प्रसिद्ध होते ते लाठीसाठीं. वाघनखें म्हटलीं कीं मराठी माणसास १६५९ सालचा प्रतापगड आठवतो, पंढरीची वाट आठवत नाहीं. अशा रीतीनें एकाचें शस्त्र दुसऱ्याच्या हातीं जाऊन बसलें आहे. मोठ्या पक्षाचीहि कथा अशीच. हिंदुस्थानच्या पक्षांत एक ब्राह्मण आहे, तो हत्तीवर बसून जखमी शिपायांस बरें करीत हिंडतो. आमच्या भुसावळच्या भिक्षुकांस हें वर्तमान कळलें तर निदान हत्तीबद्दल तरी ते त्या खेळाचे आभार मानतील.

ही सर्व केवळ माहितीची चूक आहे असें समजून पुढें जाणें सोपें आहे. पण तें पुरेसें नाहीं. उद्यां एखाद्या पंडिताच्या सल्ल्यानें चक्र निहंगास व लाठी शाओलिनास परत मिळाली तरी मूळ प्रश्न राहतोच. पटाचा नियमच असा कीं जागा हवी असेल तर शिपाई दिला पाहिजे. ज्याच्याजवळ शिपाई नाहीं त्यास या पटावर अस्तित्व नाहीं. म्हणून ज्या परंपरेजवळ शिपाई नव्हता तिच्यासाठीं तो कोठून तरी उसना आणावा लागला.

दुसऱ्या खेळांनीं दुसरे मार्ग धरले आहेत, तेहि न्यायानें सांगितले पाहिजेत. ‘सिव्हिलायझेशन’ या मालिकेच्या २००५ सालच्या चौथ्या भागांत सात धर्म होते. त्यांत बौद्ध, हिंदु, कन्फ्यूशियस व ताओ हे चार आशियाच्या पूर्वभागांतील. कोणाचें मन दुखवूं नये म्हणून सातांचेहि परिणाम अगदीं सारखे ठेवले होते. नांव व चिन्ह तेवढें निराळें. ‘क्रूसेडर किंग्ज’च्या दुसऱ्या भागास २०१४ सालीं हिंदुस्थानची पुरवणी जोडली गेली, तींत हिंदु, बौद्ध व जैन राजे स्वतः खेळणाराच्या हातीं आले, म्हणजे लहान पक्ष मोठे झाले. ‘यूरोपा युनिव्हर्सालिस’ या मालिकेचा चौथा भाग ११ नोव्हेंबर १४४४ या दिवसापासून सुरू होतो, आणि त्याच्या नकाशावर आमचा खानदेश एक स्वतंत्र राज्य म्हणून दिसतो. आपल्या प्रांताचें नांव परदेशी पटावर पाहून कोणासहि संतोष वाटेल. पण त्या खेळांत प्रत्येक प्रांतास एकच धर्म, व राज्यासहि एकच धर्म. एक प्रांत, एक रंग, एक शब्द. कोठें धर्म शिपाई झाला, कोठें शिक्का झाला, कोठें रंग झाला. परंतु सर्वत्र तो राज्याच्या मालमत्तेची एक बाब आहे.

येथें कोणी असें विचारील कीं, यांत खोटें तें काय? आमचे बैरागी व गोसावी हातीं शस्त्र धरीत नव्हते काय? धरीत होते. १७८९ सालीं नाशकाच्या सिंहस्थांत स्नानाच्या मानावरून शैव गोसावी व वैष्णव बैरागी यांच्यामध्यें मोठा रक्तपात झाला. आणि शैवांनीं त्र्यंबकेश्वरास व वैष्णवांनीं नाशकास स्नान करावें ही जी वहिवाट आज आहे, तिचें मूळ पेशव्यांच्या निवाड्यांत सांगतात. अनूपगिर गोसावी ऊर्फ हिंमतबहादूर हा तर हजारों गोसाव्यांचा सेनापति होता. तो अयोध्येच्या नबाबाकडे होता, जाटांकडे होता, महादजी शिंद्यांकडे होता, आणि १८०३ सालीं इंग्रजांकडे गेला. परंतु या उदाहरणानेंच पटाचा नियम खोटा ठरतो. हिंमतबहादूर कोणी ठाणें बांधण्याची वाट पाहत अंगणांत बसला नव्हता. तो आपल्या हिताहिताचा विचार करून पक्ष निवडीत होता, बदलीत होता, व ज्यांनीं त्यास आपल्या बाजूस घेतलें त्यांस पुष्कळ वेळां हैराण करीत होता. शस्त्र धारण करणारा गोसावीहि खरोखरीच्या इतिहासांत स्वतः खेळणाराच होता.

दुसरा आक्षेप राजाश्रयाचा. मठ, देवळें व दर्गे राजांच्या इनामांवर चालत, हें कोण नाकारील? पण राजा संप्रदायास आपलासा करी कीं संप्रदाय राजास, हा प्रश्न तितका सरळ नाहीं. आणि त्याचें उत्तर शोधण्यासाठीं आम्हांस दूर जावयास नको. भुसावळ सोडून खंडव्याकडे जाणाऱ्या गाडीनें तापीचें खोरें चढूं लागलें कीं थोड्याच वेळांत बुऱ्हाणपूर येतें. हें फारुकी सुलतानांचें नगर. त्या घराण्याची गादी आधीं तापीकाठच्या थाळनेरास होती, जें आज धुळें जिल्ह्यांत आहे. पंधराव्या शतकाच्या उंबरठ्यावर नासिरखान फारुकीनें हें नवें नगर वसविलें आणि त्यास शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचें नांव दिलें. नदीच्या पलीकडच्या तीरावर जैनाबाद वसलें, तें त्यांच्या परंपरेंतील जैनुद्दीन शिराझी यांच्या नांवानें. यांतील लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, बुऱ्हाणुद्दीन १३३७ सालींच वारले होते, व वेरूळजवळच्या खुल्दाबादेस त्यांची कबर होती. म्हणजे सुलतानानें साधूच्या अंगणांत ठाणें बांधलें असें न होतां, सहा दशकांपूर्वीं दिवंगत झालेल्या साधूच्या नांवाच्या आश्रयास एक नवें राज्य येऊन राहिलें. फारुकी सुलतान खुल्दाबादच्या दर्ग्यास देणग्या देत हें खरें. पण त्या देणगीनें दर्ग्याची प्रतिष्ठा वाढली त्याहून सुलतानाची अधिक वाढली. आणि लढाऊ हत्ती म्हणाल तर ते सुलतानाच्या पीलखान्यांत होते. सूफींच्या खानकाहींत लंगर होता.

याच बुऱ्हाणपुरांत सोळाव्या शतकाच्या अखेरीस मुहंमद बिन फजलुल्लाह या नांवाचे एक सूफी राहत होते. त्यांनीं १५९० सालच्या सुमारास ‘तुहफतुल्-मुर्सला’ नांवाचा एक छोटा अरबी ग्रंथ लिहिला. परमतत्त्वापासून मनुष्यापर्यंत सत्तेच्या सात पायऱ्या आहेत, असा त्याचा आशय. हा चिमुकला ग्रंथ समुद्रापार सुमात्रा बेटांतील आचे येथें पोंचला. तेथें व पुढें जावा बेटांत या सात पायऱ्यांच्या सिद्धांतावर मलायी व जावानी भाषांत ग्रंथ झाले, वाद झाले, आणि कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. ग्रंथकर्ते १६२० सालीं वारले. त्यांच्या आधीं, १६०१ सालीं, अकबरानें असीरगड घेऊन फारुकींचें राज्य बुडविलें होतें. त्या राज्याची सत्ता तापीच्या खोऱ्याबाहेर कधींच फारशी गेली नाहीं. पटाच्या भाषेंत सुलतान हा मोठा पक्ष व सूफी हा त्याचा लहान मांडलिक. परंतु तापीकाठाहून आचेपर्यंत पोंचला तो हा लहान पक्ष, तोहि एकहि हत्ती बरोबर न घेतां.

एका प्रांतास एकच रंग देणाऱ्या नकाशास उत्तर द्यावयाचें असेल तर त्याच नगरांतील जामा मशीद पाहावी. आदिलशाह फारुकी, ज्यास राजे अलीखान म्हणत, त्यानें ती सोळाव्या शतकाच्या नवव्या दशकांत बांधविली. तिच्यांत अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे. त्यांत सृष्टिकर्त्यास वंदन आहे, फारुकी घराण्याची वंशावळ आहे, आणि विक्रम संवत् १६४६ व शके १५११ अशी पंचांगाप्रमाणें मिति दिलेली आहे. म्हणजे ज्या राज्यास खेळांतील नकाशा एका शब्दांत गुंडाळतो, त्या राज्याच्या मुख्य मशिदींत ज्योतिष्यास विचारून काढलेली तिथि कोरलेली आहे. त्या सुलतानाचा धर्म इस्लाम होता यांत संशय नाहीं. परंतु आपण ज्या प्रजेवर राज्य करतों तिची कालगणना व तिची पंडितांची भाषा आपल्या मशिदींत असावी, असें त्यास वाटलें. ही वाट रंगाच्या एका पट्ट्यांत मावत नाहीं.

आतां भक्तीकडे वळूं. पहिली गोष्ट ही कीं भक्ति हा कांहीं पंथ नव्हे, व त्याचें एक देवालयहि नव्हे. महानुभाव, वारकरी, रामदासी, दत्तसंप्रदायी असे निरनिराळे संप्रदाय आहेत. त्यांच्यांत मतभेद आहेत, कधीं कधीं तीव्र आहेत. ज्या खेळानें उदासी व शाओलिन यांस वेगळें ओळखलें, त्यानें या साऱ्यांस एका घुमटाखालीं कोंडलें आहे. परंतु वाघनखांची गोष्ट याहून अधिक बोलकी आहे. भुसावळच्या वरच्या अंगास पूर्णा व तापी यांच्या संगमावर चांगदेव गांव आहे, आणि तेथें चांगदेवांचें जुनें दगडी मंदिर आहे. चांगदेव ज्ञानेश्वरांच्या भेटीस वाघावर बसून, हातीं सर्पाचा चाबूक घेऊन निघाले, आणि सामोऱ्या आलेल्या चार भावंडांनीं आपण बसलेली भिंत चालविली, ही कथा महाराष्ट्रांतील प्रत्येक मुलास ठाऊक आहे. पुढें चांगदेवांनीं गुरु केलें तें त्या चौघांतील सर्वांत धाकट्या मुक्ताबाईस. कथा म्हणून ती घ्या, इतिहास म्हणून नको. तरी या लोकांस आपल्याविषयीं काय सांगावयाचें होतें तें त्या कथेंत आहे. तिच्यांत सामर्थ्य वाघाच्या बाजूस आहे आणि विजय भिंतीच्या बाजूस. ज्या परंपरेची सर्वांत आवडती कथा वाघाचा गर्व उतरण्याची आहे, तिच्याच हातांत खेळानें वाघाचीं नखें दिलीं!

मुक्ताबाईंचें स्थान तेथून जवळच, जुन्या एदलाबादेस म्हणजे आजच्या मुक्ताईनगरास आहे. शके १२१९ मध्यें तापीतीरीं वीज कडाडली असतां त्या अदृश्य झाल्या असें परंपरा सांगते. दर वर्षीं ज्येष्ठांत तेथून पालखी निघते आणि सुमारें महिनाभर पायीं चालून आषाढीस पंढरपुरास पोंचते. खेळांत संप्रदाय जागचा हलत नाहीं, राजे मात्र हिंडतात. खऱ्या खानदेशांत बरोबर उलट आहे. राज्यें आपापल्या सीमेंत बसून होतीं, आणि संप्रदाय सीमा ओलांडून चालत होता. महानुभाव पंथाचीच गोष्ट घ्या. चक्रधरांनीं मराठींत निरूपण केलें; त्यांच्या मागून अनुयायांनीं आपले ग्रंथ सांकेतिक लिपींत जपून ठेवले; खानदेशांत या पंथाचीं कितीतरी स्थानें व घराणीं आहेत. परंतु त्याचे मठ पंजाबांत होते, आणि तेथून पुढें पेशावर व काबूलपर्यंत पंथ गेला होता. तेथील अनुयायी जयकृष्णी म्हणून ओळखले जात, व मराठी ग्रंथ आपले धर्मग्रंथ म्हणून वाचीत. मराठी शिपाई अटकेपर्यंत गेला याचा आपणांस रास्त अभिमान आहे. मराठी पोथी अटकेच्या पलीकडे गेली, आणि तिला परत फिरावें लागलें नाहीं, ही गोष्ट मात्र कोणत्याहि पटावर दाखवितां येत नाहीं, कारण तिनें कोणाचा मुलूख घेतला नाहीं.

या संस्थांचा योगक्षेम कोणावर चालत होता, हेंहि आमच्या प्रांतांतील दगडच सांगतात. चाळीसगांवच्या दक्षिणेस सातमाळ्याच्या रांगेंत पितळखोऱ्याचीं बौद्ध लेणीं आहेत, ख्रिस्तपूर्व काळांतलीं. तेथील लेखांत पैठणच्या मितदेव नांवाच्या गंध्याचें दान आहे, मगिल नांवाच्या राजवैद्याचें दान आहे. आणि तेथें सांपडलेल्या एका यक्षाच्या मूर्तीवर ती घडविणाऱ्या कण्हदास सोनाराचें नांव आहे. त्याच डोंगराच्या पायथ्याशीं पाटण येथें शके ११२८ च्या सुमाराचा प्रसिद्ध शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला त्याची ती नोंद. (हा चांगदेव निराळा, योगी चांगदेव निराळे.) निकुंभ वंशाच्या सामंतानें त्या मठास देणगी दिली, आणि तिच्या जोडीस बाजारपेठेवरील कांहीं हक्कहि लावून दिले होते. म्हणजे एका गंध्याच्या, एका वैद्याच्या, पेठेंतील उदम्यांच्या हातभारावर या संस्था उभ्या होत्या. जो आश्रय अनेक लहान हातांनीं दिलेला असतो तो एका राजाच्या पराभवानें तुटत नाहीं. पटावर ठाणें पडलें कीं संप्रदाय गेला. इतिहासांत राजा गेला तरी संप्रदाय राहिला, तो या कारणानें.

वाचक म्हणतील, मुलांच्या खेळावर एवढा खल कशाला? त्याचें उत्तर असें. खेळांतून मूल माहिती थोडी घेतें, पण नियम पक्के घेतें. उदास्याच्या हातीं चक्र होतें हें तें उद्यां विसरेल. परंतु संप्रदाय म्हणजे एक पक्ष, त्याचें एक ठाणें, त्याचे इतके शिपाई, आणि तो ह्याचा नाहीं तर त्याचा, ही समजूत नकळत हाडींमांसीं खिळते. मोठेपणीं तेंच मूल मतदार होतें, अधिकारी होतें, लेखक होतें, आणि माणसांच्या जमावाकडे पाहून ‘हे कोणाच्या बाजूचे?’ एवढा एकच प्रश्न विचारूं लागतें. हा प्रश्न विचारणारे लोक खेळांनीं निर्माण केले असें आम्ही म्हणत नाहीं. ते पूर्वींपासून आहेत, आणि त्यांनींच बहुधा आपल्या मनाप्रमाणें खेळ घडविले. परंतु जी दृष्टि आधींच अरुंद आहे तिला लहानपणापासून पटाचा आधार मिळावा, हें इष्ट नव्हे.

म्हणून खेळ बंद करावे असें मात्र कोणी समजूं नये. मुलाच्या हातून पट हिसकावून घेतल्यानें इतिहास शिकतां येत नाहीं. या खेळाचा एक उपकारहि आहे. ‘उदासी म्हणजे कोण?’ असा प्रश्न ज्या घरांत पूर्वीं कोणी विचारला नसता, तेथें बारा वर्षांचा मुलगा तो विचारतो. तो प्रश्न वाया जाऊं देऊं नये, एवढेंच आईबापांस व शिक्षकांस आमचें सांगणें आहे. खानदेशांतल्या मुलास तर उत्तर दाखवावयास फार दूर न्यावें लागत नाहीं. एका रविवारीं चांगदेवाचा संगम, एका रविवारीं बुऱ्हाणपूरची मशीद व तिच्यावरील संस्कृत अक्षरें, एका सुटींत पितळखोरें. आणि धुळ्यास समर्थ वाग्देवता मंदिरांत जपलेलीं रामदासी मठांचीं बाडें. तीं बाडें पाहिलीं म्हणजे लहान पक्ष म्हणजे काय याचा अर्थ कळतो. ज्या मोठ्या सत्तांच्या काळांत तीं लिहिलीं गेलीं त्यांतील एकहि आज राहिलेली नाहीं. नक्कल करणाऱ्या कोणा मठवासीयाचें अक्षर राहिलें आहे.

खेळ रचणारांसहि कांहीं सुचवितां येईल. संप्रदायास नाहीं म्हणण्याचा अधिकार द्यावा. त्यास पटावर चालूं द्यावें, एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत जाऊं द्यावें. एकाच गांवीं दोन-तीन संप्रदाय नांदूं द्यावे, आणि त्यांचें नातें मोडूनहि पुन्हा जुळूं द्यावें. खेळणाराचें राज्य बुडाल्यावर पट एकदम मिटूं नये; त्याच्या मागें काय उरलें तें क्षणभर तरी दाखवावें. यांत यंत्राच्या दृष्टीनें अशक्य असें कांहीं आम्हांस दिसत नाहीं. अडचण आहे ती जिंकणें म्हणजे काय याच्या व्याख्येची. ती बदलल्याशिवाय शिपाई कितीहि अचूक रंगविले तरी उपयोग नाहीं.

तोंपर्यंत निदान आपण तरी पटावरील मापास जगाचें माप समजूं नये. जें घेतां येतें तेवढेंच ज्या पटावर मोजलें जातें, तेथें सूफी, महानुभाव व वारकरी लहानच दिसणार. लहान दिसणें हा त्या पटाच्या मापाचा गुण आहे, त्यांचा नव्हे. तापीच्या या खोऱ्यांत फारुकी आले व गेले, मोंगल आले, मराठे आले, इंग्रज आले व गेले. मुक्ताबाईंची पालखी दर ज्येष्ठांत निघते, आणि बुऱ्हाणपुरास अद्याप त्या साधूच्याच नांवानें हांक मारतात.